वांगावरची तीन क्रीमं: कोणतं ठेवू, कोणतं टाकू?

गवतीचहा

वय ३४, वर्ण गव्हाळ, दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग. बाळ नऊ महिन्यांचं, अंगावर पितं. घरात सध्या तीन क्रीमं आहेत. लेबलं जशीच्या तशी उतरवते.

क) मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली १५ ग्रॅमची ट्यूब. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्का. पाच आठवडे रोज रात्री. डाग फिकट झालेत, पण उन्हात गेलं की गाल लालभडक होतात आणि हनुवटीवर बारीक पुळ्या आल्यात.

ख) कॉस्मेटिक क्रीम, ५० ग्रॅम. पुढे मोठ्या अक्षरात 'व्हिटॅमिन सी आणि केशर'. मागे असं: पाणी, स्टिअरिक ॲसिड, ग्लिसरीन, आयसोप्रोपिल मायरिस्टेट, नायसिनामाइड, टायटॅनियम डायऑक्साइड, सिटिल अल्कोहोल, डायमेथिकोन, ट्रायइथेनॉलअमाइन, फेनॉक्सीइथेनॉल, परफ्युम, सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, ज्येष्ठमध अर्क, केशर अर्क, मिथाइलपॅराबेन, प्रोपाइलपॅराबेन, डायसोडियम ईडीटीए, लिनालूल, लिमोनीन, सीआय ७७४९१.

ग) पार्लरमधली पांढरी डबी, साधारण ३० ग्रॅम, 'फॉर्म्युला क्रीम'. लेबल नाही. सूचना एवढीच की लावताना अंगठी आणि चेन काढून ठेवा. झाकणाच्या कडेला लागलेलं क्रीम करडं पडलंय. दहा-बारा दिवस लावलं.

यातलं काय ठेवायचं? आणि नवीन घ्यायचं तर घटकांच्या यादीत नेमकं काय बघायचं?

खलबत्ता

आधी ग. ती डबी आज बंद. 'संपेपर्यंत वापरते' नाही, 'एक दिवसाआड' नाही.

लेबल नसणं हे एकटं कारणही पुरलं असतं, पण तुम्ही लिहिलेल्या दोन खुणा त्याहून वाईट आहेत. दागिने काढून ठेवा ही सूचना कुठल्याही सरळ क्रीमवर नसते. पाऱ्याची संयुगं सोन्या-चांदीला लागली की धातू डागाळतो, म्हणून ती दिली जाते. दुसरी खूण करड्या कडेची. कॅलोमल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, उजेडात राहिलं की काळपट होतं. या दोन गोष्टींवरून पारा आहे असं सिद्ध होत नाही. ते प्रयोगशाळाच सांगेल. पण चेहऱ्यावर लावायचं नाही हे ठरवायला एवढं बस्स. घरी चांदीचं नाणं घासून बघा, पाण्यात टाकून बघा असले उद्योग करू नका, त्यातून काही कळत नाही. पाऱ्याच्या या क्षारांना वासही नसतो.

पारा काम कसं करतो? मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांब्याची गरज असते आणि पारा नेमका तिथे आडवा येतो. म्हणून दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, आणि म्हणूनच ही डबी तोंडी जाहिरातीवर विकली जाते. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडाच्या आजाराचा माग अशाच क्रीमपर्यंत गेला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात तो छडा लागला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम भागातही मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये गोरेपणाच्या क्रीमांचा धागा सापडला. आपल्याकडे कॉस्मेटिकमध्ये नकळत राहून जाणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात १ भाग आहे (डोळ्यांभोवतीच्या उत्पादनांना वेगळी, ७० भाग). बेकायदा क्रीमांत तो हजारो भाग सापडतो.

तुमच्यासाठी: लघवीची रुटीन तपासणी (प्रोटीन जातंय का ते बघायला), सिरम क्रिएटिनिन, रक्तदाब. डॉक्टरांना 'बिनालेबलाचं गोरेपणाचं क्रीम लावत होते' हे स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर तो प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. लघवीतला पारा मोठ्या लॅबमध्ये मोजून मिळतो, पण तो डॉक्टरांनी लिहून दिल्यावर करा. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी घोट्यांना सूज असं काही असेल तर थांबू नका. बाळाचा गाल तुमच्या गालाला लागतो आणि पारा दुधातूनही थोडा जातो, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनाही सांगा. अंगावर पाजणं मात्र परस्पर बंद करू नका, तो निर्णय त्यांच्यावर सोडा. उशीचे अभ्रे आणि चेहऱ्याचा टॉवेल वेगळा धुवा.

ओंजळ

क बद्दल. ते वाईट औषध नाही, पण चुकीच्या वाटेने तुमच्याकडे आलंय.

तीन औषधांचं हे मिश्रण वांगावर चालतं यात वाद नाही. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य बनणं रोखतं. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर झडायला लावतं आणि हायड्रोक्विनोनला आत शिरायला वाट देतं. या दोघांनी होणारी आग स्टिरॉइड दाबून ठेवतं. अमेरिकेत मान्यता असलेल्या मिश्रणात स्टिरॉइड सौम्य आहे, फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्का, आणि त्यालाही मुदत आठ आठवड्यांची. आपल्या बाजारात त्या जागी मोमेटासोन ०.१ टक्का बसलंय, ते बरंच जोरकस. आणि मुदत सांगणारं कुणी नाही, कारण चिठ्ठीच नाही. २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये आणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली. काउंटरवर ती चालते किती, हे तुम्हीच वर लिहिलंय.

गाल लाल होण्याची कारणं दोन. ट्रेटिनॉइनने वरचा थर पातळ झालाय, त्यामुळे ऊन जास्त बोचतं. आणि स्टिरॉइडने आकसलेल्या बारीक रक्तवाहिन्या त्याचा असर उतरला की जास्तच फुलतात. हनुवटीच्या पुळ्याही स्टिरॉइडच्याच वाटतात. सगळ्या एका आकाराच्या आणि एकाच वेळी आलेल्या असतील तर बहुतेक त्याच. असंच चालू राहिलं तर पुढे कातडी कागदासारखी पातळ होते, गालावर लाल जाळं दिसतं, लव वाढते, आणि शेवटी क्रीम बंद केलं की आग होते म्हणून पुन्हा क्रीम, हे चक्र.

पाच आठवडे म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. पण एकदम सोडलं तर आठवडाभरात लाली, चुणचुण, ओढल्यासारखं वाटणं उसळू शकतं. त्याला 'वांग परत आलं' समजून ट्यूब पुन्हा उघडायची नाही. चर्मरोगतज्ज्ञ बहुधा सौम्य स्टिरॉइडवर आणून किंवा दिवस कमी करत सोडवतील, किंवा थेट थांबवून वरून साधं मॉइश्चरायझर देतील. तुम्ही पाजता, म्हणून हे या आठवड्यातच दाखवा. हायड्रोक्विनोन कातडीतून ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत आत जातं आणि म्हणून गरोदरपणात व पाजताना दोन्ही वेळी टाळतात. ट्रेटिनॉइन गरोदरपणात नको.

एक सवय लावून घ्या. ट्यूब उलटी करून नावांची शेपटी बघायची. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, डेसोनाइड: 'सोन', 'सोल', 'लोन', 'नाइड' असं काही दिसलं की ते बहुतेक स्टिरॉइड, आणि चेहऱ्यावर आपल्या मनाने लावायचं नाही. गजकर्णाच्या मिश्र मलमांतही हीच मंडळी लपलेली असतात. तिथे तर खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते, पण तो वेगळा विषय.

ताकाचीरवी

ख वर कुणी लिहीत नाहीये, कारण ते बिचारं निरुपद्रवी आहे. पण लेबल वाचायला शिकायचं तर तेच सगळ्यात चांगलं.

नियम असा: १ टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि १ टक्का व त्याखालचे त्यांच्यामागे कुठल्याही क्रमाने. १ टक्क्याची रेघ लेबलवर आखलेली नसते, ती आपण शोधायची. सोपी खूण म्हणजे फेनॉक्सीइथेनॉल. ते टिकवण्यासाठी घालतात आणि १ टक्क्याच्या वर सहसा घालत नाहीत (युरोपात तीच कायद्याची कमाल मर्यादा). म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे आलं ते १ टक्का किंवा त्याहून कमी.

आता तुमची यादी पुन्हा वाचा. फेनॉक्सीइथेनॉलनंतर परफ्युम, आणि परफ्युमच्याही मागे व्हिटॅमिन सी, ज्येष्ठमध आणि केशर. डबीच्या पुढच्या बाजूला ज्यांची नावं मोठ्या अक्षरात आहेत ते दोघेही १ टक्क्याच्या खोलीत दाटीवाटीने बसलेत. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट हा व्हिटॅमिन सीचा टिकाऊ अवतार, पण एवढ्याशा मात्रेत त्याच्याकडून वांगावर काही अपेक्षा ठेवू नका. केशर तर रंग आणि किस्सा यापुरतंच.

कामाचा घटक यात एकच, नायसिनामाइड, आणि तो पाचव्या क्रमांकावर आहे हे चांगलं. टक्केवारी छापलेली नाही, पण ग्लिसरीन आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या मधोमध आहे म्हणजे दोन-चार टक्के असावं असा अंदाज. ४ ते ५ टक्के पुरेसं असतं. १० टक्क्यांच्या मागे धावू नका. फायदा दुप्पट होत नाही, पण चुणचुण आणि लाली वाढू शकते.

बाकीचं क्रीम म्हणजे आजीच्या काळापासूनचं व्हॅनिशिंग क्रीम. स्टिअरिक ॲसिडचा काही भाग ट्रायइथेनॉलअमाइनशी मिळून साबण होतो आणि तो साबण तेल-पाणी धरून ठेवतो. म्हणून ते चोळलं की 'विरघळून' जातं आणि मागे मॅट, किंचित पांढुरका थर राहतो. साबणाचा पाया असल्याने सामू (पीएच) सातच्या वर जाऊ शकतो. आपल्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात स्किन क्रीमला ४ ते ९ एवढी मोकळी जागा आहे, कातडीचा सामू मात्र पाचच्या आसपास असतो. तेलकट कातडीला चालून जातं, कोरड्या किंवा आधीच सोललेल्या गालांना ते ओढल्यासारखं करतं. आणि टायटॅनियम डायऑक्साइड सहाव्या क्रमांकावर आहे, त्यामुळे 'लावताच उजळपणा'. हा रंग आहे, उपचार नाही. रात्री धुतला की गेला. सनस्क्रीन म्हणूनही धरू नका, डबीवर एसपीएफ लिहिलेला नाही.

शेवटचा सीआय ७७४९१ (सीआय म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक) हा आयर्न ऑक्साइड, तोही नावापुरता, कारण सगळ्यात शेवटी आहे.

ओंजळ

@ताकाचीरवी, बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या वाक्याला हरकत. रंगद्रव्यं मात्रा कितीही असली तरी यादीच्या शेपटाला लिहायची पद्धत आहे, त्यामुळे सीआय नंबर कुठे आहे यावरून काही ठरत नाही. आयर्न ऑक्साइड उजेड अडवण्याइतकं पुरेसं आहे का हे नजरेने कळतं. लाल ७७४९१, पिवळं ७७४९२ आणि काळं ७७४९९ अशी तिन्ही मिळून कातडीसारखा तपकिरी रंग येतो. नुसतं ७७४९१ म्हणजे पांढऱ्या क्रीमला गुलाबी झाक देण्यापुरतं. निष्कर्ष तुमचाच बरोबर, कारण वेगळं.

ताकाचीरवी

बरोबर आहे, चूक कबूल. रंगांना क्रमाचा नियम लावायचा नाही.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. उद्या सकाळी लघवी-रक्त देते, चर्मरोगतज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळालीये. दोन शंका. एक, ख मध्ये दोन पॅराबेन आहेत, ते पाजताना चालतात का? पॅराबेन-फ्री घेऊ का? दोन, आयुर्वेदिक किंवा घरगुती काही असेल तर ते जास्त सुरक्षित नाही का?

ताकाचीरवी

पॅराबेनची बदनामी त्यांच्या कामापेक्षा मोठी आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनांच्या गाठींच्या ऊतीत पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि तिथून भीती पसरली. 'सापडले' आणि 'त्यांनी गाठ केली' यात फार अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट त्या अभ्यासाने दाखवलेली नव्हती. युरोपात मिथाइलपॅराबेनला ०.४ टक्के, प्रोपाइलला त्याहून खूप कमी म्हणजे ०.१४ टक्के अशी मर्यादा आहे. आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल अशा पाच जणांवर बंदीच आहे. तुमच्या यादीतले दोघे बंदीतले नाहीत.

ॲलर्जीच्या बाजूने तर गंमतच आहे. अमेरिकेतल्या संपर्क-ॲलर्जीच्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी 'वर्षाचा ॲलर्जन' जाहीर करते. २०१३ साली तो मान मिथाइलआयसोथायाझोलिनोनला मिळाला. हे बऱ्याच ठिकाणी पॅराबेन काढून त्यांच्या जागी घातलं जात होतं. आणि २०१९ साली त्यांनी पॅराबेनला 'वर्षाचा बिन-ॲलर्जन' ठरवलं. म्हणजे पुढे 'पॅराबेन-फ्री' लिहिलेलं असेल तर मागे बघा, जागा कुणी घेतलीये. मिथाइलआयसोथायाझोलिनोन चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीमात नको (युरोपात बंद आहे). डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, क्वाटरनियम-१५ हे हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतात, नाजूक कातडीला तेही नकोत. फेनॉक्सीइथेनॉल ठीक.

खरं तर ख मध्ये मला खटकतं ते परफ्युम. क्रीमांच्या ॲलर्जीत सुगंध नेहमी वरच्या रांगेत असतो. लिनालूल आणि लिमोनीन हवा लागून जुने झाले की जास्त त्रास देतात. तुमचे गाल आत्ता सोललेले आहेत, तेव्हा महिनाभर तरी ख बाजूला ठेवा, नंतर हवं तर हातापायांना लावून संपवा.

सुंठवडा

आयुर्वेदाबद्दल मी लिहितो.

'आयुर्वेदिक' या शब्दाने सुरक्षिततेची हमी मिळत नाही, परवाना आणि घटकांच्या यादीने मिळते. निर्मिती परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि प्रत्येक घटकाचं नाव-मात्रा नसेल तर ती डबी आणि तुमची ग यांच्यात फरक नाही. आणि यादी असली तरी वाचा. पारद, रसकर्पूर, हिंगुळ, कज्जली ही सगळी पाऱ्याचीच नावं. रसशास्त्रात त्यांचा वापर आहे, पण वांगासाठी रोज चेहऱ्यावर चोळायला ती नाहीत, आणि घरात पितं बाळ असताना तर नाहीच नाही. 'मूळ औषधी लेप' म्हणून खुल्या बाजारातून सुटी पूड आणू नका.

स्वयंपाकघरातलं म्हणाल तर लिंबू सगळ्यात आधी बाद. रसाचा सामू दोनच्या जवळपास, आणि त्यातल्या फ्युरोकुमारिनवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येऊन महिनोन् महिने काळे डाग राहतात. वांगावर लिंबू लावणं म्हणजे डागावर डाग. खायचा सोडा उलट्या टोकाचा, तोही कातडीचा आम्लपणा घालवतो. बिब्बा तर चेहऱ्याच्या आसपासही नको. गावाकडे अजून काहीजण चामखिळीला लावतात आणि तेल ओघळून गालभर फोड येतात.

कोरफड लावायचीच असेल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं तिरकं उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण गळू द्या, मग वरची साल काढून गर घ्या. तो चीकच खाज आणतो. लावायला तेवढाच गर काढा, उरलेला टाकून द्या. पाणी असलेल्या कुठल्याही घरगुती लेपात टिकवणारं काही नसतं, आणि फ्रिजमध्ये जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. गर थंडावा देईल, वांग घालवणार नाही.

ओंजळ

आता नवीन काय घ्यायचं. गुरुवारी डॉक्टर जे सांगतील ते या सगळ्याच्या वर, पण तिथे काय विचारायचं याची तयारी म्हणून.

वांगावरचा निम्मा उपचार सनस्क्रीन. आणि नुसतं यूव्ही अडवणारं नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा वांग गडद करतो आणि तो पांढरं सनस्क्रीन फारसा अडवत नाही. तिथे वर लिहिलेले तिन्ही आयर्न ऑक्साइड लागतात. म्हणून तपकिरी झाक असलेलं, एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए (यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) तीन अधिक, म्हणजे '+++', किंवा वर, परफ्युम नसलेलं. सध्या झिंक ऑक्साइडवालं बघा, गालांना कमी झोंबेल.

घोळ होतो मात्रेत. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं. घरी मोजायचं तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, म्हणजे एक पेरभर, ट्यूबमधून सलग रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. चेहरा आणि मानेला अशी अडीच पेरं लागतात, म्हणजे सव्वा ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर चाळीस दिवसांत संपायला हवी. कुणाची सहा महिने पुरत असेल तर ती पावपट लावतेय आणि मग 'सनस्क्रीनचा उपयोग नाही' म्हणतेय. एकदम अडीच पेरं चोपडली तर चेहरा लिंपल्यासारखा दिसतो, म्हणून निम्मं लावा, दोन-तीन मिनिटांनी उरलेलं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

उपचाराच्या घटकांत पाजताना सगळ्यात बिनघोर ॲझेलाइक ॲसिड. आपल्याकडे १० आणि २० टक्क्यांत मिळतं. गरोदरपणातही देतात. रोग्यांना ते आवडत नाही कारण पहिले दोन आठवडे लावल्यावर पाच-दहा मिनिटं मुंग्या आल्यासारखं चुणचुणतं. ती ॲलर्जी नव्हे. गाल शांत झाल्यावरच सुरू करा, १० टक्क्याने, एक दिवसाआड रात्री, आधी मॉइश्चरायझर आणि वर वाटाण्याएवढं ॲझेलाइक. दोन आठवडे निभलं की रोज. सकाळी सनस्क्रीनखाली ४-५ टक्के नायसिनामाइड चालेल. बाळाला गालाशी घेताना क्रीम मुरलेलं असू द्या.

कोजिक ॲसिड आणि अल्फा-आर्ब्युटिन जाहिरातीत खूप दिसतील. युरोपने चेहऱ्याच्या क्रीमांत कोजिकला १ आणि अल्फा-आर्ब्युटिनला २ टक्क्यांची मर्यादा घातलीये, 'कोजिक ४ टक्के' असं कुणी अभिमानाने लिहिलं असेल तर पुढे चला. कोजिक हवेने तपकिरी पडतं, डबीपेक्षा ट्यूब बरी. पण पाजणं सुटेपर्यंत हे दोन्ही नसले तरी काही अडत नाही. शुद्ध व्हिटॅमिन सीचं सीरम, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड १० ते २० टक्के, सामू साडेतीनच्या खाली असेल तरच आत जातं, आणि तेवढं आम्ल तुमचे गाल आत्ता सोसणार नाहीत.

मॉइश्चरायझर साधं. ग्लिसरीन पहिल्या तीन-चारांत, सेरामाइड किंवा पेट्रोलॅटम, परफ्युम नाही. सिटिल किंवा सिटोस्टिअरिल अल्कोहोल दिसलं म्हणून घाबरू नका, ते मेणासारखे मऊ पदार्थ आहेत, कोरडं करणारं अल्कोहोल नव्हे. परिणाम बारा आठवड्यांआधी मोजू नका. फोटो काढायचा तर त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी.

खलबत्ता

यात एक भर, चाचणीची. हातावर एकदा लावून चोवीस तास बघणं ही चाचणी नव्हे. संपर्काची ॲलर्जी उमटायला दोन-तीन दिवस लागतात, कधी जास्त. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस, तीच जागा. न धुता. काही झालं नाही तर जबड्याच्या कडेला तीन दिवस, मग चेहरा. एका वेळी एकच नवीन वस्तू आणि दोन वस्तूंमध्ये दोन आठवडे. तिन्ही एकदम सुरू केली आणि गाल पेटले तर गुन्हेगार शोधणार कसा?

चुणचुण लावल्यावर लगेच येते आणि जाते. ॲलर्जीची खाज उशिरा येते, वाढत जाते आणि लावलेल्या जागेच्या बाहेर पसरते. पापण्या सुजल्या तर त्या दिवशीच थांबा.

गवतीचहा

समजलं. ग ची डबी मग कचऱ्यात टाकू का? पार्लरमध्ये अजून बऱ्याच जणी तेच घेतात.

खलबत्ता

कचऱ्यात नाही आणि बेसिनमध्ये तर अजिबात नाही. झाकण घट्ट लावा, चिकटपट्टी फिरवा, दोन झिप पिशव्यांत एकात एक घाला आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. स्वयंपाकघरात नको. पिशवीवर कागद चिकटवून लिहा: कुठून घेतली, कधी घेतली, किती दिवस लावली. पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पावती नसलेल्या खरेदीत तोच पुरावा.

मग अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावाने अर्ज द्या. अर्जात 'बिनालेबल कॉस्मेटिकची विक्री, पाऱ्याचा संशय, नमुना सोबत दाखवायला उपलब्ध' एवढं पुरे. तुमची उघडलेली डबी कायद्याच्या कामाला बहुधा धरत नाहीत, औषध निरीक्षक पार्लरमधून स्वतः नमुना उचलतात. म्हणून पार्लरला आधी जाऊन सांगू नका, माल गायब होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

क चा जो त्रास झालाय तोही नोंदवता येतो, औषधांच्या दुष्परिणामांची देशपातळीवरची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४. ट्यूबवरचा बॅच नंबर विचारतात, तेव्हा ती टाकण्याआधी उतरवून घ्या. तो बहुतेक ट्यूबच्या दुमडलेल्या कडेवर ठशासारखा उमटवलेला असतो, तिरप्या उजेडात धरला की वाचता येतो.